‘करमत नाही’ हे किती दिवस चालायचे?

वाचक हो, दोन महिन्यांपूर्वी एका राइस मिलमधले मुनीमजी दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत तपासण्यांची जाडजूड फाईल. रक्त, लघवी, साखर, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, दोन वेळा काढलेला ईसीजी, पोटाची सोनोग्राफी. सगळे नॉर्मल. मग त्रास तरी काय, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘बिमारी काहीच नाही जी, साहेब. पण करमत नाही. एखादं टॉनिक लिहून द्या, नाहीतर सलाईन लावून द्या.’’

काही वर्षांपूर्वी मी त्यांना टॉनिक लिहून दिले असते. फारच आग्रह झाला असता तर सलाईनही लावली असती. तेही समाधानाने घरी गेले असते आणि मीही पुढचा पेशंट बोलावला असता. या वेळी मी फाईल बाजूला ठेवली आणि विचारले, ‘‘कधीपासून करमत नाही?’’ ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, ‘‘पोळ्यापासून असंच आहे जी.’’

पोळ्यापासून म्हणजे जवळजवळ तीन महिने! या तीन महिन्यांत त्यांच्या शरीरातील बहुतेक सर्व अवयवांची तपासणी झाली होती. पण ‘करमत नाही’ या दोन शब्दांची तपासणी कोणीच केली नव्हती. आजचा लेख या दोन शब्दांवर आहे. नैराश्य, म्हणजे ज्याला वैद्यकीय भाषेत डिप्रेशन म्हणतात तो आजार स्वतःचा स्वतःला कसा ओळखावा, हे आज आपण पाहणार आहोत.

मीही त्याच वाटेने गेलो

हा विषय मी पुस्तकातून सांगू शकलो असतो. पण खरे सांगायचे तर पुस्तक वाचूनही मला तो कळला नव्हता. आम्ही एमबीबीएस शिकत असताना मानसोपचार विभागात जेमतेम पंधरा दिवस काढले. तेथे जे पाहिले ते सारे गंभीर रुग्ण. रोज कामावर जाणारा, चारचौघांत बोलणारा, पण आतून विझत चाललेला माणूस कसा दिसतो, हे तेथे दिसले नाही. ते मला २०२२ सालच्या हिवाळ्यात कळले, आणि तेही आरशात.

त्या वर्षी दवाखाना चांगला चालू होता. मुलगा नोकरीला लागला होता, घराचे कर्ज फिटले होते. दुःख करावे असे काही घडले नव्हते. पण पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. आमच्या घरातून हावडा-मुंबई लाईनवरच्या गाड्यांचा आवाज येतो. मी अंधारात पडून मालगाड्या मोजत असे. सकाळी उठून दवाखाना उघडणे म्हणजे डोंगर चढण्यासारखे वाटे. संध्याकाळपर्यंत थोडे बरे वाटे, म्हणून मनात म्हणे, काही नाही, थकवा आहे. भूक गेली, तेव्हा ॲसिडिटी समजून गोळ्या घेतल्या. स्वतःची साखर, थायरॉइड, बी-१२, ईसीजी सगळे केले. रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा आनंद होण्याऐवजी मी हिरमुसलो. काहीतरी निघाले असते तर बरे झाले असते, असे वाटले. काही रात्री झोपेची गोळीही स्वतःच्या मनाने घेतली. हे इतरांना करू नका म्हणून सांगणारा मीच.

झाडीपट्टीतले नाटक हे माझे वेड. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की आठवड्यातून एक रात्र तरी मी नाटकाला ठेवतो. त्या वर्षी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका मित्राने त्यांच्या गावच्या मंडईचे आमंत्रण दिले, नाटकाची तिकिटेही काढून ठेवली. मी ‘पेशंट आहेत’ असे खोटेच सांगितले. पुढच्या गावालाही तेच. तिसऱ्या वेळी आमच्या सौ. म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही नाटकाला जात नाही, रेडिओ लावत नाही, जेवताना बोलत नाही. पेशंटला जे विचारता ते एकदा स्वतःला विचारून पाहा ना!’’

मला राग आला. ‘मला काय झाले आहे? मी डॉक्टर आहे,’ असे म्हणून मी उठून गेलो. पण त्या रात्री दवाखान्याच्या टेबलावर बसून नैराश्याच्या चाचणीचा नऊ प्रश्नांचा कागद काढला आणि भरला. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तेथे मी आधी शून्य लिहिले. बराच वेळ त्या शून्याकडे पाहत बसलो. मग ते खोडून एक लिहिला. बेरीज सोळा आली. पेशंटच्या कागदावर सोळा आले असते तर मी त्याला त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवले असते.

मी नागपूरला जाऊन उपचार घेतले. गोंदियात कोणी पाहील म्हणून नागपूरला गेलो, हेही लपवत नाही. डॉक्टरची ही अवस्था, तर मुनीमजींना दोष कसा द्यावा?

स्वतःला का कळत नाही?

पाय मोडला तर मनाला कळते. ताप आला तर मनाला कळते. पण नैराश्यात आजारी पडते ते मनच, आणि ‘मी कसा आहे’ हे सांगण्याचे कामही मनाकडेच असते. वजनकाटाच बिघडला असेल तर त्यावर ठेवलेल्या धानाचे वजन बरोबर कसे येणार? आजारी मन सांगते, ‘तू आजारी नाहीस, तू आळशी आहेस. तू कमजोर आहेस. तू कोणाच्या कामाचा नाहीस.’ आणि आपण ते खरे मानतो.

दुसरी चूक म्हणजे आपण कारण शोधतो. पीक बुडाले, घरात मृत्यू झाला, मुलीचे लग्न मोडले, असे काही असेल तर ‘साहजिक आहे’ म्हणून सोडून देतो. आणि कारण नसेल तर ‘एवढे सगळे असून रडायला काय झाले?’ म्हणून स्वतःलाच रागावतो. दोन्ही बाजूंनी आजार सुटून जातो. मधुमेह झालेल्याला आपण विचारतो का, ‘तुला साखर वाढवायला काय कारण होते?’ नैराश्य कारणाने येते, तसे विनाकारणही येते. आनुवंशिकता, दीर्घ आजार, सततचा ताण, दारू, बाळंतपण अशा अनेक गोष्टी त्यात हातभार लावतात.

म्हणून माझे म्हणणे असे की, ‘मी दुःखी आहे का?’ हा प्रश्न स्वतःला विचारूच नका. त्याचे उत्तर आजारी मन देणार. त्याऐवजी आपल्या सवयींना विचारा. मी काय करायचे सोडले? कधीपासून सोडले? सवय खोटे बोलत नाही आणि कॅलेंडरही खोटे बोलत नाही.

दोन प्रश्न आणि सात खुणा

भिंतीवरचे कॅलेंडर समोर घ्या आणि मागच्या दोन आठवड्यांवर बोट ठेवा. मग पहिले दोन प्रश्न विचारा.

एक : ज्या गोष्टीत मला गोडी होती, ती भजनी मंडळ असो, क्रिकेट असो, नातवंडे असोत की चहाच्या टपरीवरच्या गप्पा, त्यातली गोडी बहुतेक दिवस गेली आहे का?

दोन : बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन उदास, रिकामे किंवा आशा संपल्यासारखे वाटते का?

या दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर पुढच्या सात खुणा पाहा.

तीन : झोप. उशिरा लागणे, पहाटे फार लवकर उघडणे, किंवा उलट दिवसभर झोपून राहावेसे वाटणे.

चार : अंगात त्राण नसणे. काम न करताही हातपाय गळून गेल्यासारखे वाटणे.

पाच : भूक मरणे किंवा एकदम वाढणे, वजनात फरक पडणे.

सहा : आपण कुचकामी आहोत, घरच्यांवर ओझे आहोत, सगळे आपल्यामुळेच बिघडले, असे वाटत राहणे.

सात : लक्ष न लागणे. वर्तमानपत्राची तीच ओळ तीनदा वाचावी लागणे, हिशेब चुकणे, साधा निर्णयही न होणे.

आठ : चालणे-बोलणे इतरांच्या लक्षात येईल इतके मंद होणे, किंवा एका जागी बसवतच नाही अशी तगमग.

नऊ : मेलो तर बरे होईल, असे वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येणे.

नऊपैकी पाच किंवा अधिक खुणा, त्यांत पहिल्या दोनपैकी किमान एक, दोन आठवडे जवळजवळ रोज आणि रोजच्या कामात अडथळा येईल इतक्या असतील, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार मानतात. मी भरला तो कागद याच नऊ खुणांचा. ‘पीएचक्यू-९’ या नावाने तो जगभर वापरतात. प्रत्येक खुणेला शून्य ते तीन गुण आणि एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक आले तर डॉक्टरकडे जावे. नववी खूण मात्र एकटी असली आणि थोडीशी असली तरी बेरजेची वाट पाहू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. रक्त कमी असणे, थायरॉइड मंदावणे, बी-१२ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह यांतही थकवा आणि उदासी येते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्णही आहेत. सततच्या दुखण्याने त्यांचे मन खचते आणि त्यांच्या अशक्तपणाआड नैराश्य लपून बसते. म्हणून एकदा तपासणी जरूर करावी. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असा त्याचा अर्थ नाही, हे रुग्णाने आणि आम्हा डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

आपल्याकडे ते कसे येते?

आपल्या जिल्ह्यात नैराश्य ‘मला नैराश्य आले’ असे सांगत येत नाही. ते वेगळ्या नावाने येते. ‘डोकं जड राहते’, ‘अंगाची आग होते’, ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडते’, ‘पोटात गोळा उठतो’. बायका कंबरदुखी आणि पांढरे जाण्याची तक्रार सांगतात. गोव्यात झालेल्या अभ्यासांत पांढरे जाण्याची तक्रार आणि मनाचा ताण यांचा संबंध दिसून आला आहे. पुरुषांत ते चिडचिड होऊन येते. भाताच्या ताटावरून भांडण, पोरांवर हात उगारणे, आणि संध्याकाळी मोहाची बाटली. दारूने दोन तास बरे वाटते, पण ती नैराश्य वाढवते आणि झोप बिघडवते. म्हाताऱ्या माणसांत ते विसराळूपणासारखे दिसते. बाळंतिणीत ते ‘हिला बाळाची माया नाही’ या टोमण्याखाली दडते. शाळेतल्या मुलांत घसरलेले मार्क आणि सततची डोकेदुखी होऊन येते.

साध्या दुःखात आणि या आजारात फरक आहे. दुःखात माणूस रडतो, पण शेजारणीने आणलेला चहा त्याला गोड लागतो आणि नातवाच्या बोलण्यावर तो हसतो. दुःख लाटांसारखे येते आणि जाते. नैराश्यात ऊन पडतच नाही. तरीही दुःखाच्या प्रसंगानंतर आठवडेच्या आठवडे जेवणखाण, झोप, कामधंदा बसला असेल तर ‘साहजिक आहे’ म्हणून थांबू नका.

हे किती जणांना होत असेल? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. त्यानुसार सुमारे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि अशा शंभर रुग्णांपैकी ऐंशीहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. बसमध्ये पन्नास माणसे असतील तर त्यांतल्या दोघा-तिघांचा हा प्रश्न आहे.

विदर्भातच उत्तर सापडले आहे

यावर उपाय काय? गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ बसवणे तर शक्य नाही. पण आपल्याच विदर्भात एक प्रयोग झाला, त्याची माहिती फार थोड्यांना आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्यात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी आणि गटांमध्ये लोकांशी बोलून ताण आणि नैराश्याची माहिती दिली, धीर दिला, आणि गरज पडेल त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे नेले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांतील चार जणांनी उपचार घेतले होते. दीड वर्षाने हे प्रमाण शंभरांत सत्तावीसवर गेले.

या तीस गावांत नवीन औषध आले नव्हते. मोठे हॉस्पिटल उभे राहिले नव्हते. कोणीतरी विचारले, एवढेच मुख्यतः झाले. म्हणून माझे ठाम मत आहे की आपल्या आठही तालुक्यांत आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आम्ही खासगी डॉक्टर, सर्वांनी बीपी मोजतो तितक्याच सहजतेने वरचे पहिले दोन प्रश्न प्रत्येक जुनाट दुखणेवाल्याला विचारले पाहिजेत. एक मिनिट लागते. त्याला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. आम्ही डॉक्टर ते विचारत नाही, कारण ‘होय’ असे उत्तर आले तर पुढे काय करायचे याची आम्हालाच भीती वाटते. ही भीती आम्ही सोडली पाहिजे.

उपचारांबद्दल गैरसमज

नैराश्यावर उपचार आहेत आणि बहुतेक रुग्णांना त्यांचा गुण येतो. सौम्य आजारात बोलण्याचे उपचारही पुरेसे होऊ शकतात. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना पुन्हा कामाला आणि माणसांत आणले. मध्यम आणि तीव्र आजारात गोळ्या लागतात.

‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीती सर्वांत मोठी. झोपेच्या गोळ्यांची सवय लागू शकते हे खरे. पण नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या असतात, त्यांचे तसे व्यसन लागत नाही. मात्र त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. पुष्कळ रुग्ण दहाव्या दिवशी ‘फायदा नाही’ म्हणून सोडतात. दुसरे काही दोन महिन्यांनी ‘बरे झालो’ म्हणून सोडतात आणि पुन्हा आजारी पडतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावे लागते. तरुण मुलांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी अधिक लक्ष द्यावे. आणि पूर्वी कधी उलट अवस्था येऊन गेली असेल, म्हणजे झोप न घेता अतिउत्साह, अफाट खर्च, मोठमोठ्या गोष्टी, तर ते डॉक्टरांना न विसरता सांगावे. कारण त्या आजाराचे औषध वेगळे असते.

‘मन घट्ट कर’, ‘देवदर्शनाला जाऊन ये’, हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण रुग्णाला तो दोषारोपासारखा लागतो. दर्शनाला जरूर जावे, पण औषधही घ्यावे. न्यूमोनिया झालेल्याला आपण ‘छाती घट्ट कर’ म्हणत नाही.

ज्यांच्या मनात मरणाचे विचार येतात त्यांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी, एक दिवसही थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध आणि गोळ्यांचा साठा कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावा. ‘असे विचारले तर त्याच्या डोक्यात यायचे नाही ते येईल’ ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारल्याने माणसाला मोकळे वाटते. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तेथे मानसोपचाराची सोय आहे, माझ्यासारखे लपून नागपूर गाठण्याची गरज नाही. कोणी टोकाचे पाऊल उचलले आणि वाचला, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे मानून शिक्षेपासून संरक्षण दिले आहे.

असो. मुनीमजींच्या कागदावर चौदा गुण आले. औषध सुरू केले, दर आठवड्याला बोलावले, आणि रोज संध्याकाळी अर्धा तास बायकोबरोबर चालायचे असे ठरवले. मागच्या आठवड्यात ते आले. फाईल आणली नव्हती. म्हणाले, ‘‘साहेब, परवा मंडईत गेलो होतो जी. रातभर नाही बसवलं, पण अर्धं नाटक पाहून आलो.’’ मला अर्ध्या नाटकाचा केवढा आनंद झाला हे आमच्या सौ. सांगू शकतील.

वाचक हो, वरच्या नऊ खुणा कापून कॅलेंडरच्या मागे लावून ठेवा. आज आपल्याला गरज नसेल. पण घरातले कोणी ‘करमत नाही’ म्हणाले, किंवा आपण स्वतः तीच गोष्ट तिसऱ्यांदा टाळली, तर एवढेच विचारा : कधीपासून? दोन आठवडे झाले असतील तर टॉनिक मागू नका. डॉक्टरांना सांगा, ‘‘माझे मन तपासा.’’